नळ आल्यानंतरचे तास: माणदेशातल्या एका गावातल्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२५

नळाला पाणी सोडण्याआधीची वेळमोजणी आज पूर्ण झाली. पाणी आल्यावर बायकांच्या दिवसातले जे तास सुटतील त्यांचं काय होतं ते पाहणं, आणि ते तास त्यांच्याच हातात राहतील असं जमवून आणणं, हे या कामाचं उद्दिष्ट. पाइप, टाकी आणि झडपा हा कामाचा अर्धाच भाग.

गाव पर्जन्यछायेतलं, गावठाणात नऊशेच्या आसपास माणसं. टंचाईत टँकर येतो तो माणशी २० लिटरच्या हिशेबाने. पाच माणसांच्या घराला १०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे सात हंडे. टँकर नसेल तेव्हा एक किलोमीटरवरची मळ्यातली विहीर. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी अशी एक खेप साधारण २२-२३ लिटरची. तेवढ्या १०० लिटरला चार-पाच खेपा, आणि शेंदण्यासकट एका खेपेला अर्धा तास कुठेच गेला नाही.

मोजणी ज्वारीच्या दाण्यांनी केली. एक दाणा म्हणजे अर्धा तास, दिवसाचे ४८ दाणे. जमिनीवर खडूने रकाने आखायचे: झोप, चूल, पाणी, जनावरं, शेत, मुलं, दवाखाना-बाजार, स्वतःसाठी. बाईने दाणे स्वतः मांडायचे आणि स्वतःच हलवायचे. "पाण्याला किती तास लागतात?" असं कधीच विचारू नये, कारण उत्तर अंदाजाने येतं. उठल्यापासून क्रम विचारायचा: पहिली एसटी जाते तेव्हा काय करत होता, शाळेची घंटा झाली तेव्हा कुठे होता, धार कधी काढली. सासू आणि सून यांची मांडणी वेगळी घ्यायची, एकमेकींसमोर नाही. घरातले पुरुष जवळ बसले की शेताचा रकाना फुगतो आणि झोपेचाही फुगतो.

या मोजणीत एक रकाना नव्याने घालावा लागला. टँकर दुपारी येईल की रात्री हे माहीत नसतं, म्हणून बाई रानात जात नाही, माहेरच्या कार्याला जात नाही आणि गाढ झोपतही नाही. ते काम नाही आणि विश्रांतीही नाही. बायका त्याला वेळ म्हणून धरतच नव्हत्या. आम्ही त्याला "अडकलेला वेळ" असं नाव देऊन दाणे मागितले, तेव्हा कित्येक घरी तो ढीग पाणी वाहण्याच्या ढिगापेक्षा मोठा निघाला. पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच. पाणी दारात आल्याने खेपा थांबतात, पण अडकलेला वेळ सुटतो तो पाणी ठरल्या वेळी आल्यानेच.

२४ जानेवारी २०२५

पाणी सोडलं. नळयोजनेचा हिशेब माणशी ५५ लिटरचा, म्हणून टाकी ५०,००० लिटरची. गावठाणाचे तीन भाग: वरची आळी, मधली आळी, खालची आळी. प्रत्येक भागात साठेक घरं, प्रत्येक भागाला ४५ मिनिटं. घराला २७५ लिटर मिळायचे तर नळाला मिनिटाला सहा लिटरच्या वर धार हवी, म्हणजे १५ लिटरचा हंडा अडीच मिनिटांत भरायला हवा. धार मोजताना टाकीजवळच्या घरी जाऊ नये. रांगेतलं शेवटचं आणि चढावरचं घर गाठायचं, हंडा आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन.

वरच्या आळीत हंड्याला सहा मिनिटं लागत होती. कारणं दोन निघाली. चढावर पाइपात हवा अडकली होती. तिथे हवा सोडणारी झडप बसवल्यावर धार सुधारली. दुसरं कारण असं की खालच्या आळीची झडप पूर्ण बंद होत नव्हती. झडपेत खडी अडकली होती, खोलून धुतली.

३१ जानेवारी २०२५

आठवडा झाला, पाणी रोज आलं, आणि दिनक्रमात काहीही बदल नाही. पहाटे चारला जाग, घरातलं प्रत्येक भांडं काठोकाठ, पिंप, रांजण, कढई, मुलांच्या बाटल्यासुद्धा. काही घरी काल भरलेलं पाणी अंगणात ओतून आज पुन्हा भरतात. मळ्यातल्या विहिरीवर अजून खेपा चालू आहेत. "आज आलंय, उद्या आलं न्हाई तर?" हा एकच प्रश्न.

हे अडाणीपण नाही आणि हौसही नाही. ज्या घराने पंचवीस-तीस उन्हाळे पाण्यामागे काढले, त्या घराचा अनुभव आठ दिवसांच्या पाण्याने पुसला जात नाही. बैठकीत "आता काळजी सोडा" असं सांगण्याने काही साधत नाही. चार गोष्टी ठरवल्या:

चावडीच्या भिंतीवर प्रत्येक आळीची वेळ तेलरंगाने लिहायची. खडूने नाही, खडूचं लिहिलेलं पुसलं जातं हे सगळ्यांना माहीत असतं.

पाणी सोडणाऱ्याने झडप उघडण्याआधी देवळातल्या स्पीकरवरून आळीचं नाव पुकारायचं.

उद्या पाणी येणार नसेल तर ते आदल्या संध्याकाळी सातच्या आत सांगायचं, कारणासकट. आमच्या मते या चारांत ही सर्वांत मोलाची. जिला "नाही" वेळेवर कळतं तिला रात्रभर कान टवकारून बसावं लागत नाही.

नळाला तोटी हवीच. बऱ्याच घरी तोटी काढून ठेवलेली सापडली, पाणी आल्याचा आवाज झोपेत ऐकू यावा म्हणून. तोटी नसली की पाणी वाया जातं, शेवटच्या घराची धार मरते आणि बाई अर्धवट जागीच राहते.

८ फेब्रुवारी २०२५

वेळ पाळता येत नाही, कारण वीज. योजनेच्या विहिरीवरचा पंप शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीवर आहे. थ्री-फेज वीज दिवसाकाठी आठ तास, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पंप चालू असतानाच पाणी वाटलं तर वाटपाची वेळही विजेबरोबर फिरते.

उपाय साधा आहे. उपसा आणि वाटप वेगळं करायचं. वीज जेव्हा येईल तेव्हा टाकी भरायची, आणि पाणी मात्र सकाळी सहालाच, टाकीतून उताराने सोडायचं. ताशी साडेबारा हजार लिटर उपसा असेल तर टाकी चार तासांत भरते, आठ तासांच्या विजेत ते सहज बसतं. यासाठी वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो-स्टार्टर हवा, टाकीत पातळी कळवणारा फ्लोट हवा, आणि विहिरीत पाणी संपल्यावर पंप आपोआप बंद करणारी यंत्रणा हवी. शेवटची टाळू नका. ऑटो-स्टार्टर आहे पण ही नाही, अशा ठिकाणी एप्रिलमध्ये कोरडा पंप चालून मोटर जळते आणि रिवाइंडिंगला दोन-तीन दिवस जातात.

१९ फेब्रुवारी २०२५

आशाताईंबरोबर साठवणीची पाहणी. पिंपांमध्ये डासांच्या अळ्या. डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. टंचाईत पिंप दोन दिवसांत रिकामं व्हायचं. आता ते वापरलंच जात नाही, वरून रोज भर पडते आणि तळाचं पाणी महिनाभर तसंच राहतं. टंचाई संपल्यावर डेंग्यूचा धोका वाढतो तो असा.

साठा शून्यावर आणा, असं सांगणं चूक ठरेल. पंप बिघडला तर दोन दिवस निघायला हवेत. टंचाईचाच माणशी २० लिटरचा हिशेब धरला तर पाच माणसांना दोन दिवसांचे २०० लिटर, म्हणजे झाकणाचं एक पिंप. ते हक्काचं, त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. बाकीची भांडी एकेक करून कमी करायची, आठवड्याला एक. जे पहिलं रिकामं करायचं ते बाईने स्वतः निवडायचं. आठवड्यातून एक कोरडा दिवस: पिंप उपसून, आतल्या कडा काथ्याने घासून, उन्हात पालथं. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात.

पाण्याला वास येतो म्हणून ओतून देतात, ही तक्रार टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची. स्वच्छ पाण्याला हजार लिटरला पाच ग्रॅम, पूर्ण टाकीला अडीचशे ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवून अर्धा तास निवळू द्यायचं, वरचं निवळ टाकीत, गाळ बाहेर. तासाभराने वाटप. शेवटच्या नळाला ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणाऱ्या) फिकट पिवळा रंग आला की पुरे. गडद पिवळा आला तर मात्रा जास्त. चाचणीचं पाणी ओतून द्यायचं. घरी वास वाटला तर हंडा तासभर तोंड उघडं ठेवून जाळीने झाकावा.

३ मार्च २०२५

दाण्यांची दुसरी फेरी. पाण्याचा रकाना जवळजवळ रिकामा, अडकलेला वेळ बराच कमी. आणि तरीही "स्वतःसाठी" या रकान्यात बहुतेकींनी एकही दाणा टाकला नाही. मग गेले कुठे?

थोडे झोपेत. थोडे चुलीत, कारण आता पाणी आहे तर धुणं रोजचं झालं, आणि अंघोळीला सगळ्यांना गरम पाणी हवं. बरेच शेतात, दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला. काही मुलींचे पाण्याचे दाणे धाकट्या भावाला सांभाळण्यात गेले. हे शाळेच्या हजेरीपटाशी ताडून पाहिलं पाहिजे, कारण मुलगी शाळेत वेळेवर येऊ लागली की नाही हे दाण्यांपेक्षा तिथे नेमकं दिसतं. आणि सासू-सुनेच्या मांडण्या शेजारी ठेवल्यावर दिसतं की काही घरी सासूचे तास सुटले, सुनेचे नाहीत.

देशपातळीवरही चित्र याच दिशेचं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाची २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात बायांचं २८९, पुरुषांचं ८८. त्याच काळात गावोगाव नळ गेले. नुसत्या नळाने हा आकडा फारसा हलत नाही.

आणखी एक नोंद इथेच करायला हवी. ज्या बायांचे दाणे खरोखर मोकळे राहिले, त्यांना ते आवडले असं नाही. दुपारी बसलं की छातीत धडधडतं, काहीतरी विसरलोय असं वाटतं, हात आपोआप झाडू धरतो. रिकामं बसलेली दिसू नये म्हणून दार लोटून घेतात. वर्षानुवर्षं शरीर धावण्याच्या बेताने चाललंय. धोका गेल्याचं कळायला त्याला महिने लागतात. याला आळस म्हणू नये आणि आजारही म्हणू नये.

११ मार्च २०२५

गाय. मोकळा वेळ सर्वांत झपाट्याने खाणारी गोष्ट हीच. "आता पाणी आहे, बाई घरी आहे, एक जर्सी घेऊ" हा निर्णय सहसा बाईला न विचारता होतो. दुधाची संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी पिते. म्हणजे पाचेक हंडे. माणशी ५५ लिटरच्या हिशेबात जनावर धरलेलंच नाही, म्हणून ते पाणी पुन्हा विहिरीवरून, पुन्हा डोक्यावरून. वैरण, शेण, दोन वेळची धार वेगळीच.

गायीला विरोध नाही, दुधाचा पैसा घरात दिसतो. पण दोन अटी गावच्या पाणी समितीपुढे ठेवल्या. जुन्या गावविहिरीवर जनावरांसाठी हाळ बांधायचा, छोटा पंप आणि पाइप लावून. जनावर पाण्यावर जाईल, पाणी जनावराकडे नाही. आणि डेअरीचं खातं जी धार काढते तिच्या नावावर. दुसऱ्या अटीवर वाद होणार हे माहीत आहे. सोडायची नाही.

१७ मार्च २०२५

दुखणी. खेपा थांबल्यावर मान, कंबर, गुडघे जास्त दुखतात अशी तक्रार घरोघरी. आधीही दुखत होतंच, लक्ष द्यायला उसंत नव्हती. उपकेंद्रात शिबिर न लावता ठरलेल्या वारी दोन-दोन, तीन-तीन बायांनी जायचं असं केलं; शिबिराच्या गर्दीत कोणी मनातलं सांगत नाही. हिमोग्लोबिन तपासायचंच, १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या चालू. अंग (गर्भाशय) बाहेर येण्याचा त्रास आशाताईंनी एकटीला गाठून, हळू आवाजात विचारायचा, आणि असेल तर ग्रामीण रुग्णालयात सोबत जायचं. ओझं उचलणं थांबलंय तेव्हाच त्यावर उपचार करून घेण्यात अर्थ आहे.

झोपेबद्दल: उठायची वेळ एकदम दोन तासांनी पुढे नेऊ नये. आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं पुरे. दुपारची झोप घ्यावी, खुशाल घ्यावी. कित्येक वर्षांची थकबाकी आहे. रात्री झोप येईनाशी झाली तर मग दुपारची अर्ध्या तासावर आणावी.

२९ मार्च २०२५

उद्या पाडवा. समाजमंदिराची खोली आजपासून दुपारी दोन ते चार उघडी.

याचं कारण नळाने केलेलं एक नुकसान. विहीर आणि टँकरची रांग ही सुनांची घराबाहेर भेटण्याची एकमेव जागा होती. तिथे भांडणं व्हायची, पण माहेरच्या बातम्या, दुखलं-खुपलं, कोणाच्या नवऱ्याने हात उगारला, हेही तिथेच कळायचं. नळ उंबऱ्यात आला आणि सून चार भिंतींत गेली. पूर्वी पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हाही असंच झालं होतं: दळणाचे कष्ट गेले ते चांगलंच झालं, पण पहाटे जात्यावर दोघी बसायच्या तो वेळही गेला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात लाखाहून जास्त ओव्या लिहून ठेवल्या गेल्या, म्हणून त्या वेळात बायका काय बोलत होत्या ते आज वाचता तरी येतं.

खोलीचे नियम: सही नाही, हजेरी नाही, फोटो नाही, भाषण नाही. किल्ली बायांकडेच, आळीपाळीने. आत चटया, पंखा, पाण्याचा माठ, दोन वर्तमानपत्रं. वाकळ शिवायची असेल तर जागा मोठी ठेवली आहे, पाच-सहा जुनी लुगडी पसरतील इतकी. शिवलीच पाहिजे असं नाही. झोपायचं असेल तर झोपावं.

शिवणयंत्रं, पापड-मसाला, अगरबत्ती अशा प्रशिक्षणांचे प्रस्ताव आले आहेत. तीन महिने सगळे थांबवले. सुटलेला वेळ दिसला की त्याला लगेच उद्दिष्ट जोडायची घाई होते, आणि पाण्याच्या खेपेच्या जागी पापडाचा घाणा येतो. बायांनी स्वतः मागितलं तर वेगळी गोष्ट.

१६ एप्रिल २०२५

ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परतली. त्यांच्या घरी सगळं पहिल्यापासून: तोटी, पिंप, वेळ. परतलेल्या पुरुषांना झडपेचं काम, टाकी धुणं आणि कोरड्या दिवशी पिंप घासणं वाटून दिलं. पाण्याचं काम यंत्राचं झालं की पुरुष ते करायला तयार होतात. ही संधी दवडू नये.

२ मे २०२५

विहिरीची पातळी घसरली. आजपासून एक दिवसाआड पाणी. तारखांचं पत्रक घरोघर वाटलं, मेअखेरपर्यंतचं. तरी पहिल्या दिवशी सगळे हंडे बाहेर आले आणि मळ्यातल्या विहिरीची वाट पुन्हा सुरू झाली. अपेक्षित होतं. बैठक घेतली नाही. पत्रकातली प्रत्येक तारीख पाळली, इतकंच.

कोणी नळाला थेट मोटर लावली तर शेवटच्या घरांना थेंब मिळत नाही. दोन ठिकाणी लावलेली सापडली. काढायला समितीतल्या बाया गेल्या, आम्ही गेलो नाही.

२७ मे २०२५

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. माण नदीला पाणी. विजेच्या कडकडाटात स्टार्टर जळला, आणि विहिरीचं पाणी गढूळ. पुरवठा बंद; सूचना संध्याकाळी पुकारली.

गढूळ पाण्यात टीसीएल नुसती वाढवून उपयोग नाही, गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटीने निवळणं, मग टीसीएल, मग शेवटच्या नळाला ओटी. रंग येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळून घ्या, असं स्पीकरवरून रोज सांगायचं.

हक्काच्या २०० लिटरच्या पिंपावर घरं निघाली. मळ्यातल्या विहिरीवर खेपा फारशा दिसल्या नाहीत. पाणी रोज येतंय तोवर विश्वासाची परीक्षा होत नाही. ती होते ती बंद पडल्यावर, आणि सांगितल्या दिवशी पुन्हा सुरू झाल्यावर.

२० जून २०२५

पेरण्यांची धांदल. खोली बंद राहते आहे. राहू द्या, रानातलं काम संपलं की उघडेल. हाळ पूर्ण झाला, पाइप जोडणी बाकी. डेअरी खात्यावर एकमत नाही.

१० ऑगस्ट २०२५

तिसरी फेरी. स्वतःसाठीच्या रकान्यात आता दाणे आहेत, सगळ्यांच्या नाहीत. विचारल्यावर सांगतात ते असं: दुपारी पडणं, खोलीत बसणं, माहेरी मुक्कामाने जाणं. मुक्कामाने, म्हणजे टँकर चुकेल या भीतीने संध्याकाळी परतावं लागत नाही. तरण्या सुना आणि गाय असलेली घरं मागे आहेत. तिथे पुन्हा गाठीभेटी.

खोलीतल्या बायांनी स्वतःहून दोन गोष्टी मागितल्या: सायकल शिकायची आहे, आणि बँकेचं पासबुक वाचता यायला हवं. सायकली दोन मिळाल्या, शाळेचं पटांगण संध्याकाळी पाचनंतर. पासबुकासाठी मास्तरीणबाई सोमवारी येतील.

पुढची कामं: टाकी धुणं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, फ्लोटची वायर बदलणं, पाणीपट्टीची थकबाकी दिवाळीआधी वसूल करणं (वीजबिल थकलं की जोडणी तुटते आणि सगळं पुन्हा पहाटे चारवर येतं). चौथी फेरी ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी, म्हणजे मागे राहणाऱ्या सासवांची आणि मुलींची मांडणी वेगळी घेता येईल.